‘म्हणजे मुलं सांभाळते ना?’ – बालवर्गाच्या शिक्षकांची मुलं इथे कोण कोण आहेत?

शाईचाडाग

लहानपणी कुणी “आई काय करते?” असं विचारलं की मी “शिक्षिका आहे” म्हणून तिथेच थांबायचे. पुढचा प्रश्न ठरलेला असायचा, “कितवीला?” मग बालवर्ग म्हणावं लागायचं आणि समोरच्याचा चेहरा एकदम सैल व्हायचा. “अच्छा, म्हणजे मुलं सांभाळते ना!” माझ्या मैत्रिणीची आई दहावीला गणित शिकवायची. तिचा विषय निघाला की लोक जरा सावरून बसत. माझ्या आईचा निघाला की कौतुकाने हसत. ते हसू मला कधीच आवडलं नाही, पण खरं सांगायचं तर मलाही आतून तसंच वाटायचं. गाणी म्हणायची, टाळ्या वाजवायच्या, चित्रं रंगवून घ्यायची, यात काय मोठंसं.

आई काही महिन्यांत निवृत्त होतेय. चौतीस वर्षं चार-पाच वर्षांच्या मुलांमध्ये काढली तिने. मध्यंतरी तिच्या वर्गाच्या मदतनीस मावशी आजारी पडल्या आणि दोन दिवस मी रजा काढून तिच्या हाताखाली गेले. अठ्ठावीस मुलं होती. पहिल्या दिवशी घरी आल्यावर मी बूट न काढता पलंगावर आडवी झाले, ती संध्याकाळीच उठले. आई तोवर दुसऱ्या दिवसासाठी कागदाचे मासे कापत बसली होती.

दोनच प्रसंग सांगते. एक मुलगा दाराची चौकट धरून रडत होता. मी खाली बसून त्याला म्हटलं, “रडू नको हं, आई लगेच येणार आहे.” मला वाटलं छान समजावलं. नंतर आई हळूच म्हणाली, “लगेच म्हणालीस ना, आता तो दर दोन मिनिटांनी दाराकडे बघत बसेल. त्याला साडेअकरा कळत नाहीत. त्याला सांगायचं, आधी गाणं, मग माती, मग गोष्ट, मग दप्तर भरायचं, आणि दप्तर भरलं की आई.” मग ती त्याच्यापाशी गेली. रडण्याबद्दल चकार शब्द काढला नाही. म्हणाली, “हा खोका मला एकटीला उचलत नाहीये रे. एक बाजू धरतोस?” त्याने डोळे पुसले आणि धरली. खोका रिकामा होता. सकाळी मीच तो एका हाताने कपाटावरून काढला होता.

दुसरा प्रसंग जॅकेटच्या चेनचा. सुटायची वेळ, अठ्ठावीस जॅकेटं. मी भराभर चेनी लावत सुटले. आई मात्र खालचं टोक अडकवायची, चेन अर्ध्यावर आणायची आणि हात काढून घ्यायची. उरलेली मुलाने ओढायची. एकेका मुलाला माझ्या तिप्पट वेळ. मी वैतागले. ती म्हणाली, “शेवटचा भाग त्याने केला की त्याला वाटतं चेन आपणच लावली. पुढच्या आठवड्यात मी आणखी खालून सोडेन.” म्हणजे अठ्ठावीस मुलांपैकी कोण चेनच्या कितव्या इंचावर आहे हे तिला पाठ होतं!

त्या दिवसापासून एक गोष्ट डोक्यात घोळतेय. माणसाला साधारण तीन-साडेतीन वर्षांच्या आधीचं काही आठवत नाही आणि त्यानंतरची काही वर्षंही तुकड्यातुकड्यानेच आठवतात. दहावीच्या बाईंना भेटायला मुलं पन्नाशीतही येतात. आईकडे कोण येणार? तिने ज्यांना चेन लावायला शिकवली ते आज चेन लावतात, पण कुणी शिकवली ते त्यांना ठाऊकच नाही.

शाळेचा निरोप समारंभ होईल, भाषणं होतील. मला माझ्याकडून तिच्यासाठी काहीतरी करायचंय आणि काय ते सुचत नाही. ज्यांचे आई किंवा बाबा लहान मुलांना शिकवतात, त्यांनी लिहा ना. आठवणीही चालतील, तक्रारीही चालतील.

मोरपीस_२

अगं काय लिहिलंयस! रिकाम्या खोक्यापाशी थांबले जरा. माझी आईही बालवाडीत. घरातलं एकही झाकण, काड्यापेटी, पुठ्ठ्याची नळी आजवर कचऱ्यात गेलेली नाही. बाबा म्हणायचे, या घरात टाकाऊ असं काही नाही, मीसुद्धा कधीतरी टिकाऊ होईन.

उंबरठा

वाखुसा (वाचनखूण साठवली). सविस्तर लिहितो रात्री.

जुनीवही

आमची आई साठीच्या माणसांशीही वर्गात असल्यासारखीच बोलते. “चला, आपण आता गाडीत बसूया. आपण खिडकीतून हात बाहेर काढायचा का? नाही ना?” एकदा माझ्या साहेबांना घरी आल्यावर म्हणाली, “अरे वा, आज बूट अगदी सरळ रांगेत!” साहेब लाजले. आणि प्रवासाला निघताना सगळ्यांना, अगदी सगळ्यांना, “शू करून आलात का?”

शाईचाडाग

@जुनीवही, हो हो हो! आणि माणसं मोजणं. लग्नाला जरी गेलो तरी गाडीत बसल्यावर मागे वळून बोटाने मोजते.

कोरडाखडू

माझा थोडा वेगळा सूर लागेल, रागावू नका. माझी आई पंचवीस वर्षं लहान मुलांना शिकवत होती. तिच्या धीराचं सगळ्यांना फार कौतुक. पण तो धीर साडेबारापर्यंत संपून जायचा आणि आमच्या वाट्याला उरलेली आई यायची. वर्गात कुणी रंग सांडला तर “काही हरकत नाही, आपण पुसूया.” घरी मी पाणी सांडलं तर धपाटा. दुपारी तासभर घरात कुणी बोलायचं नाही, रेडिओ लावायचा नाही. ती भिंतीकडे तोंड करून पडलेली असायची. एकदा तिच्या शाळेत मी तिला दुसऱ्याच मुलाचं नाक पुसताना पाहिलं आणि मला इतका राग आला होता की त्या मुलाचा चेहरा मला अजून आठवतो.

आज कळतं की ती दमायची. पण “किती गोड काम” म्हणणाऱ्यांना हे माहीत नसतं, म्हणून लिहिलं.

शाईचाडाग

@कोरडाखडू, रागावू कशाला, हे हवंच होतं. आमच्याकडेही दुपारची शांतता असायची. मला वाटायचं तिला डोकेदुखी आहे. परवा वर्गातून आल्यावर नवऱ्याने साधं “कसा गेला दिवस?” विचारलं आणि मला उत्तर द्यायचीसुद्धा इच्छा होईना, तेव्हा ट्यूब पेटली.

कंठ

माझं काम आवाजाच्या तक्रारी असलेल्यांबरोबर चालतं, म्हणून थोडं त्या बाजूने.

माझ्याकडे येणाऱ्यांत शिक्षक फार, आणि त्यातही लहान मुलांचे. कारण साधं आहे. गोंगाटात माणूस आपोआप आवाज चढवतो, त्याला ते कळतही नाही. एत्येन लोम्बार्ड या फ्रेंच डॉक्टरने १९११ मध्ये हे नोंदवलं, म्हणून त्याला लोम्बार्ड परिणाम म्हणतात. बालवर्गात मुलं एकमेकांपेक्षा चढत जातात आणि बाई सगळ्यांच्या वर. रोज चार तास हे चाललं की स्वरतंतूंवर सूज येते, पुढे गाठी होतात. आवाज बसणं, संध्याकाळी घोगरा होणं, घसा सारखा खाकरावासा वाटणं, ही सगळी त्याचीच लक्षणं. दुपारी भिंतीकडे तोंड करून गप्प पडणारी आई म्हणजे नकळत घेतलेली योग्य विश्रांती होती हो.

एक गैरसमज मात्र सगळ्यांत दिसतो. घसा बसला की लोक कुजबुजत बोलतात. जोर लावून कुजबुजल्यानेही ताण पडतोच. हळू पण नेहमीच्या आवाजात बोलायचं किंवा पूर्ण गप्प राहायचं. अनुभवी बाई एक युक्ती करतात, गोंगाट वाढला की स्वतःचा आवाज खाली आणतात. पुढची चार मुलं ऐकायला गप्प होतात, मग त्यांच्या मागची.

भेट सुचवा म्हणताय तर, अजून शिकवत असलेल्या आई-बाबांसाठी कमरेला लावायचा छोटा माइक आणि स्पीकर हे मी कुठल्याही शोभेच्या वस्तूच्या वर ठेवीन.

शाईचाडाग

@कंठ, आई वर्गात नुसता हात वर करून बोटं हलवते आणि गप्प उभी राहते. ते बघून मुलं बोटं हलवायला लागतात, आणि बोटं हलवता हलवता बोलायचं विसरतात. मी करून बघितलं. माझ्याकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही.

उंबरठा

रात्री लिहितो म्हटलं होतं, तर लिहितो.

आमच्याकडे आई नव्हे, बाबा. बाबा बालवर्गाला शिकवायचे. सगळ्या शाळेत खालच्या वर्गांवर एकटा पुरुष. ओईसीडी या मुख्यतः विकसित देशांच्या संघटनेच्या आकडेवारीत पूर्वप्राथमिक शिक्षकांमध्ये स्त्रियांचं प्रमाण शंभरात ९६ च्या आसपास असतं, म्हणजे जगभर चित्र तेच. लोक विचारायचे, “दुसरं काही मिळालं नाही का?” बाबा म्हणायचे, “मिळालं होतं, हे जास्त आवडलं.” लोकांना ती थाप वाटायची.

पालक वर्गाच्या दारात यायचे, बाबांना बघायचे आणि विचारायचे, “बाई कुठे आहेत?” बाबा सांगायचे, “मीच बाई.” चार वर्षांच्या मुलांना काहीच अडचण नव्हती, ती त्यांना खरोखरच “बाई” हाक मारायची. वर्षानुवर्षं. शाळेत बाई हा शब्द त्यांच्या दृष्टीने हुद्दा होता.

पण एक गोष्ट त्यांनी आम्हाला फार उशिरा सांगितली. मुलाला शौचाला न्यायचं असेल, कपडे बदलायचे असतील, तर ते स्वतः कधीच जात नसत. मावशींना हाक मारायचे, त्या नसल्या तर शेजारच्या वर्गाच्या बाईंना. पडलेल्या मुलाला कडेवर घेतलं तरी दार सताड उघडं ठेवायचे. नियम म्हणून ते योग्यच आहे, सगळ्यांनीच पाळावा असा आहे, असं तेच म्हणायचे. पण मुलगा रडत गळ्यात पडायला येतोय आणि आपण आधी दाराकडे बघतोय, हे त्यांना तीस वर्षं खुपत राहिलं.

बाकी घरात बटणं शिवणं, वेण्या घालणं, नखं कापणं हे सगळं बाबांकडे. माझ्या बहिणीच्या वेण्या आईपेक्षा बाबा चांगल्या घालत.

मोरपीस_२

“मीच बाई.” __/\__

पाचवारोळ

बाबांचा प्रतिसाद आवडला. आता थोडं खारट बोलतो.

हे सगळं कौतुक वाचताना एक भीती वाटते. “किती त्याग, किती माया” असं म्हटलं की पगाराचा विषय आपोआप मिटतो. लहान मुलांना शिकवणाऱ्याला मोठ्यांना शिकवणाऱ्यापेक्षा कमी मिळावं, हे बहुतेक ठिकाणी इतकं गृहीत धरलंय की कुणी कारणही विचारत नाही. मूल जितकं लहान तितकं शिकवणं सोपं, असा हिशेब असावा. मग वैद्यकातही लहान बाळाचं ऑपरेशन सगळ्यात सोपं का नाही धरत? माया असते, नाही म्हणत नाही. पण मायेचा उल्लेख करून शिक्षणाचा उल्लेख टाळला जातो. धागाकर्तीने चेनचा जो किस्सा सांगितलाय ती माया नव्हे, ते कसब आहे.

आकडेमोड

@पाचवारोळ +१. या विषयावरचा सगळ्यात गाजलेला अभ्यास थोडक्यात सांगतो, कारण तो धाग्याच्या मूळ मुद्द्याला लागू आहे.

अमेरिकेत मिशिगन राज्यात इप्सिलांटी गावी १९६२ पासून पेरी पूर्वप्राथमिक प्रकल्प चालला. गरीब घरांतली १२३ कृष्णवर्णीय मुलं, वय तीन-चार. चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले. एका गटाला रोज सकाळी बालवर्ग आणि आठवड्यातून एकदा शिक्षक घरी येऊन दीड तास बसणार. दुसऱ्या गटाला काही नाही. सुरुवातीला पहिल्या गटाचा बुद्ध्यांक चांगला वाढला. पण पुढच्या काही वर्षांत तो फरक जवळपास पुसला गेला आणि लोक म्हणाले, बघा, पाण्यात पैसे.

मग ही मुलं मोठी होत गेली आणि अभ्यासकांनी त्यांचा माग सोडला नाही. चाळिशीत पाहिलं तेव्हा बालवर्गात गेलेल्यांमध्ये शाळा पूर्ण केलेले जास्त, नोकरीत असलेले जास्त, कमाई जास्त, अटक झालेले कमी. अर्थशास्त्राचे नोबेल मिळालेले जेम्स हेकमन यांनी पुढे ही माहिती पुन्हा तपासली, फायदा खरा असल्याचंच त्यांचंही मत पडलं. मुलं थोडी होती, त्यामुळे याच्यावर फार इमले बांधू नयेत. शिवाय तिथे एका शिक्षकामागे पाच-सहाच मुलं होती. अठ्ठावीस नव्हती!

पण गंमत बघा. परीक्षेत मोजता येत होतं ते विरलं आणि मोजलंच नव्हतं ते टिकलं. हेकमन यांचा रोख असा की ताटकळता येणं, हातातलं काम पूर्ण करणं, दुसऱ्याशी जमवून घेणं, या गोष्टी तिथे रुजल्या असाव्यात. रिकामा खोका धरणं त्यातच येतं, असं मला वाटतं.

शाईचाडाग

@आकडेमोड, हे आईला वाचून दाखवलं. तिची प्रतिक्रिया फक्त, “पाच-सहा मुलं? मग त्यांनी घरी जायचं नाही तर काय!”

पाटीपेन्सिल

मी स्वतः आता बालवर्गाला शिकवते आणि माझी आईही शिकवायची, त्यामुळे दोन्ही बाजूंनी.

सगळ्यात जास्त वाद रिकाम्या वहीवरून होतात. “तीन महिने झाले, वहीत एक अक्षर नाही, करता काय वर्गात?” माझ्या आईला हे ऐकावं लागलं, मलाही लागतं. वर्गात मणी ओवणं, मातीचे साप वळणं, चिमट्याने कापूस उचलणं चालू असतं. पालकांना तो खेळ दिसतो. हाताच्या मनगटात आठ छोटी हाडं असतात. जन्मतः ती सगळी कूर्चाच असतात, एक्स-रेमध्ये दिसतसुद्धा नाहीत. चार-साडेचार वर्षांच्या मुलाच्या मनगटात त्यातली साधारण निम्मीच तयार झालेली असतात, आठवं तर नऊ ते बारा वर्षांच्या दरम्यान दिसायला लागतं. त्या मनगटाकडून आपण चार रेघांत बसवलेला ‘क्ष’ मागतो.

आई पालकांशी वाद घालायची नाही. सभेत सगळ्यांना डाव्या हाताने (डावखुऱ्यांना उजव्या) स्वतःचं नाव लिहायला सांगायची, तेही मिनिटभरात. लोक हसत, घाम पुसत लिहायचे. मग ती कागद गोळा करून शांतपणे म्हणायची, “बऱ्याच जणांचं रेघेबाहेर गेलंय. उद्या पाच वेळा लिहून आणा.” त्यानंतर वर्षभर वहीचा विषय निघायचा नाही.

अक्षरांची ओळख ‘अ’पासून न करता ‘ग म भ न’पासून का, हेही कुणी विचारायचं. वळणं जवळची म्हणून. एक जमलं की दुसऱ्याला फार नवं काही लागत नाही. मुळाक्षरांची रांग तोंडाने म्हणायला सोयीची आहे, हाताची सोय वेगळी.

जुनीवही

@पाटीपेन्सिल, उलटी अक्षरं काढतात त्याचं काय? माझा पुतण्या ३ आणि ६ मध्ये कायम घोळ घालतो. घरात सगळे धास्तावलेत.

पाटीपेन्सिल

वय किती? पाच-सहापर्यंत बहुतेक मुलं हे करतात. कप उजवीकडे वळवला काय, डावीकडे वळवला काय, कपच असतो. चार वर्षं मेंदू हेच शिकलेला असतो आणि अचानक आपण सांगतो की इथे तोंड फिरवलं की आकडाच बदलतो. ३ आणि ६ तर एकमेकांचे आरसेच. सात-आठ वर्षांनंतरही खूप राहिलं आणि वाचायलाही जड जात असेल तर तज्ज्ञांना दाखवा. तोवर त्याला घाबरवू नका.

शाईचाडाग

३ आणि ६ वरून आठवलं. मी लहानपणी ३६ लिहिताना ६३ लिहिलं होतं. आईने खोडलं नाही. म्हणाली, “छत्तीसमध्ये दोघं पाठ फिरवून बसतात. तू त्यांचं भांडण मिटवलंस वाटतं, बघ, समोरासमोर बसलेत!” नंतर छत्तीसचा आकडा हा वाक्प्रचार शाळेत आला तेव्हा अख्ख्या वर्गात मला एकटीलाच तो आधीपासून माहीत होता.

इतिहासजमा

अवांतर, पण राहवत नाही. बालवर्गाची कल्पना ज्याने रुजवली तो फ्रीड्रिख फ्रोबेल अवघ्या नऊ महिन्यांचा असताना त्याची आई गेली. १८३७ मध्ये त्याने जर्मनीत बाड ब्लांकेनबुर्ग इथे लहान मुलांसाठी खेळ आणि हातकामाची संस्था काढली, १८४० मध्ये तिला किंडरगार्टन म्हणजे मुलांची बाग हे नाव दिलं. साधन काय, तर लोकरीचे चेंडू, लाकडी गोल, घन, दंडगोल. आणि १८५१ मध्ये प्रशियाच्या सरकारने किंडरगार्टनवर बंदी घातली! पुतण्याचं समाजवादी लिखाण काकाच्या नावावर खपलं असं म्हणतात. दुसऱ्या वर्षी फ्रोबेल गेला, बंदी १८६० मध्ये उठली. लोकरीच्या चेंडूंना घाबरलेलं सरकार मी तरी दुसरं ऐकलेलं नाही.

आपल्याकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांच्यावर कुणीतरी वेगळा धागा काढायला हवा. इथे नको, फाटे फुटतील.

पाचवारोळ

@इतिहासजमा, काढा की तुम्हीच.

साईसुट्ट्यो

मी आईच्याच वर्गात होते. एक वर्ष.

घरून निघताना सांगितलेलं असायचं, शाळेच्या दारातून आत गेलं की मी बाई. मी पाळायचे. वर्गात रोज कुणीतरी चुकून तिला “आई” म्हणायचं. लहान मुलं म्हणतातच. ती सहज “ओ” द्यायची. पण मी चुकून म्हटलं की हळूच कानात, “बाई म्हण.” त्या वर्गात तीस मुलं तिला आई म्हणू शकत होती, मी सोडून.

बक्षीस, पुढचा नंबर, झेंडा धरायचा मान, कशातच माझं नाव नाही. गोष्ट सांगताना मांडीवर एक मूल असायचं, रोज वेगळं. माझी पाळी वर्षभरात आली नाही. मोठेपणी या गोष्टीचा राग वगैरे राहिला नाही, पण विसरलेही नाही. धाग्यात वर कुणी म्हटलंय ना, त्या वयातलं आठवत नाही. मला हे आठवतं.

कोरडाखडू

@साईसुट्ट्यो, तुम्ही तिला कधी विचारलंत याबद्दल?

साईसुट्ट्यो

तुमचा प्रश्न वाचून काल फोन केला. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच विचारलं. बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “तुला घरी जाऊन हाक मारता येणार होती. त्यातल्या दोघींना घरी हाक मारायला कुणी नव्हतं.” आणि मग, “मांडीवर घ्यायला हवं होतं मात्र. एकदा तरी घ्यायला हवं होतं.”

पुढे फारसं बोलणं झालं नाही. कपडे वाळत घालायचेत म्हणून तिने ठेवला फोन. रात्री साडेआठला.

मोरपीस_२

…

उंबरठा

टंकायला काही सुचत नाहीये. बाबांना फोन करतो.

कंठ

धागाकर्तीच्या मूळ प्रश्नाकडे येऊया का? भेट काय द्यावी हे राहूनच गेलं.

जुनीवही

‘जगातली सर्वोत्तम शिक्षिका’ लिहिलेला कप सोडून काहीही. आमच्याकडे अकरा आहेत.

पाटीपेन्सिल

मी काम करते म्हणून सांगते, अजून नोकरीत असलेल्यांना सगळ्यात मोठी भेट म्हणजे कापाकापी. साठ पानं, तीस फुलपाखरं, प्रत्येकाला दोन डोळे. रविवारी दोन तास घरच्या कुणी बसून हे करून दिलं की मला रडू येतं. निवृत्त होणाऱ्यांसाठी जुन्या मुलांना गाठण्यापेक्षा त्यांच्या पालकांना गाठा. मुलं विसरतात, पालक नाही. ज्या बाईंनी आपल्या मुलाला दारातून आत नेलं त्या बाई आईबापांना जन्मभर लक्षात राहतात.

आकडेमोड

आणि तिच्या युक्त्या लिहून ठेवा. चौतीस वर्षांत काय चाललं, काय नाही, याची नोंद कुठल्याच शाळेत होत नाही. बाई निवृत्त झाल्या की ते सगळं त्यांच्याबरोबर घरी जातं. पुढच्या बाई पुन्हा ‘लगेच येणार’पासून सुरुवात करतात.

शाईचाडाग

सगळ्यांचे आभार. तीन आठवडे झाले, आता सांगते काय केलं ते.

@आकडेमोड आणि @पाटीपेन्सिल, दोघांचं एकत्र केलं. रोज संध्याकाळी मी आईला एका मुलाबद्दल विचारते. एकच मूल. नाव नाही लिहायचं, ही तिची अट. ती सांगते, मी वहीत उतरवते. मला वाटलं होतं तिला पाच-दहा मुलं आठवतील. आज एकविसावं झालं आणि ती अजून नोकरीच्या चौथ्या वर्षातच आहे. टेबलाखाली बसूनच बोलणारा मुलगा, त्याच्यासाठी तिने आपली खुर्ची सोडून दोन महिने जमिनीवर बैठक मारली. बाकीचे सगळे रंग मैत्रिणींना वाटून स्वतः फक्त काळा वापरणारी मुलगी. सगळ्यांनी घरी काहीतरी बिनसलंय असं गृहीत धरलेलं, आईने तिलाच विचारलं, तर म्हणे काळा सगळ्यात जास्त उठून दिसतो.

मुलं तिला विसरली असतील. तिच्याकडे मात्र सगळी आहेत, चेनच्या इंचासकट.

एका संध्याकाळी मी तिला विचारलं, की लोक म्हणायचे मुलं सांभाळते ना, तुला राग नाही यायचा? म्हणाली, “यायचा की. तू तेव्हा काहीच बोलायची नाहीस त्याचा जास्त यायचा.” तिला ते माहीत होतं. मी जिथे थांबायचे, ते तिला ऐकू येत होतं. मी मान खाली घालून तेवढंही वहीत लिहिलं.

काल तिने वही वाचायला मागितली. चष्मा लावून पहिल्या पानापासून शांतपणे सगळं वाचलं. मी समोर बसून वाट बघत होते, अगदी दप्तर भरून बसतात तशी. शेवटचं पान झाल्यावर तिने वही मिटली, पुन्हा उघडली आणि एका शब्दावर बोट ठेवून म्हणाली, “तुझ्या ‘ळ’चं वळण अजून चुकतंय.”

जुनीवही

‘ळ’ सगळ्यांचाच चुकतो हो, त्यात काय.

पाटीपेन्सिल

नाही, चुकत नाही. दोन्ही गाठी सारख्या आल्या पाहिजेत.